ज्याचं भांडं उकळतं, त्याचं मत

राज्य कोणी चालवावं हे ठरवण्याची अक्कल नेमकी कोणाकडे असते, हे ओळखणं अवघड आहे. आमच्या थॉर्नवेल गावाने हा प्रश्न कधीच सोडवला होता. ज्याच्या स्वतःच्या चुलीवर स्वतःचं भांडं उकळतं, तो शहाणा. त्याने पार्लमेंटात माणूस पाठवावा, इतरांनी टाळ्या वाजवाव्यात. (टाळ्यांना कोणतीही अट नव्हती.)

मी त्या गावात पन्नास वर्षं मुलांना शिकवलं. वजाबाकीला हेच उदाहरण देत असे: वस्ती एकवीसशे, मतदार त्रेचाळीस, भांडी एकोणतीस. एखादं चौकस मूल विचारायचं, "मास्तर, भांडी कमी कशी?" मी सांगायचो, "बाळा, मतदारांची भांडी तपासतात त्या आठवड्यात आपल्याकडे भांड्यांना पाय फुटतात."

त्याच आठवड्यात मतदार दारापुढे टेबल मांडून भर रस्त्यात जेवत. आपण आपलं शिजवून खातो हे जगाला दिसलं पाहिजे. पावसातही जेवत. हक्कांसाठी कुठे कुठे लोकांनी रक्त सांडलं म्हणतात. आमच्या लोकांनी रस्सा सांडला.

या शहाण्या व्यवस्थेत एकच अडचण उभी राहिली, तिचं नाव टॅबिथा क्राउच. तिचा नवरा वारला. घर गावचे जमीनदार सर बेव्हिस यांच्या मालकीचं, आणि सर बेव्हिस घर देत ते मतासाठी. टॅबिथाचं भांडं तीस वर्षं रोज उकळत होतं, पण बाईच्या भांड्याची वाफ कायद्याला दिसत नसे. त्यांच्या कारभाऱ्याने निरोप दिला: निवडणुकीपर्यंत घरात मतदार हवा, नाहीतर घर रिकामं हवं.

टॅबिथाने धाकट्या दिराला, जोनासला, राहायला आणलं. जोनास पुरुष होता. (त्याचे इतर गुण शोधण्याचं काम चालू होतं.)

नगर-कारकून प्रॉदरो वही घेऊन तपासणीला आले. जोनास चुलीपुढे पळी घेऊन उभा होता.

"भाऊजी, पळी उलटी धरलीय," टॅबिथा हळूच म्हणाली.

"भांड्यात काय आहे?" प्रॉदरोंनी विचारलं.

जोनासने झाकण काढून पाहिलं. "वाटाणे दिसतात."

"मीठ किती घातलंस?"

"साहेब, मीठ मतदाराच्या कामात येतं का?"

प्रॉदरोंनी नियम उलटसुलट चाळले. मिठाचा उल्लेख नव्हता. त्यांनी वहीत लिहिलं: 'भांडं उकळतं. मतदार समजूतदार.'

मतदानाच्या दिवशी चौकात मचाण बांधलं होतं. प्रत्येकाने वर चढून मोठ्याने उमेदवाराचं नाव सांगायचं. जोनासने सर बेव्हिस यांच्या जावयाचं नाव घेतलं, तेवढ्यात विरोधी उमेदवाराचे वकील स्लिंग्जबी यांनी हरकत घेतली: या माणसाने आयुष्यात चूल पेटवलेली नाही. मत बाद करा.

टॅबिथाला पुढे बोलावलं. मत बाद झालं तर रविवारपर्यंत घर सोडायचं, हे तिला ठाऊक होतं.

"बाई, शपथेवर सांगा, घरात भांडं कोण उकळतं?"

"माझे भाऊजी," टॅबिथा म्हणाली.

गर्दीतल्या बायका हसू लागल्या. एकीने ओरडून विचारलं, "वकीलसाहेब, तुमच्या बाजूचे वीस जण आहेत ना, त्यांनाही विचारा की. माझा नवरा रांगेत तिसराच उभाय. त्याला चूल कुठल्या भिंतीला आहे ते विचारा."

स्लिंग्जबी हुशार होते. त्यांनी मनातल्या मनात हिशोब केला. हा नियम खरा धरला, तर थॉर्नवेलमध्ये एकही मतदार उरत नव्हता. त्यांनी घसा साफ करून हरकत मागे घेतली. जावई निवडून आले. टॅबिथाचं घर वाचलं.

फक्त कारभाऱ्याच्या यादीत आता त्या घरापुढे जोनासचं नाव लागलं. त्या दिवशी जोनास पहिल्यांदाच टेबलाच्या मोठ्या खुर्चीत बसला. एक घास खाल्ला आणि म्हणाला, "वहिनी, माझ्या घरात एवढं अळणी चालायचं नाही."

आता तो कायदा गेला. मतं पडद्याआड देतात, भांडी कोणी तपासत नाही. माझे जुने विद्यार्थी ही गोष्ट ऐकून हसतात. तुम्हीही हसला असाल. हसा. तुम्ही हे निवांत वाचत बसला आहात, त्या अर्थी आत चुलीवर काहीतरी उकळत असणार.

मीठ किती घातलंय, सांगा बरं?