रामरावांचा फिरता बंगला

"वायरमन कायले पाह्यजे? तीस वर्सं झाले, पाच हॉर्सपावरची मोटर चालवून राह्यलो मी!"

असं मुलाला, विकासला, ठणकावून रामरावांनी जुन्या मिनीबसचा फिरता बंगला केला. आत पलंग, शेगडी, छोटा फ्रीज आणि मुख्य म्हणजे कूलर! कारण गेल्या साली पोहरादेवीच्या यात्रेत त्यांच्या बायकोला, प्रयागबाईंना, ऊन लागलं होतं. यंदा त्या एकाच अटीवर तयार झाल्या होत्या.

"कूलर बंद पडला, का मी एष्टीनं वापस. मंग तुमी अन् तुमची गाडी!"

चाळीस वर्षांच्या संसारात बायकोला पहिल्यांदाच ऐटीत कुठे न्यायचं होतं. रामरावांचा सगळा जीव त्या कूलरात अडकला होता.

त्यांनी हिशेब मांडला. कूलर दीडशे, फ्रीज शंभर, बल्ब वीस, मोबाईल दहा, मिक्सर पाचशे. सातशे ऐंशी वॉट! बॅटरी अठराशेची! म्हणजे हजाराच्या वर शिल्लकच!

"बाबा, पन किती घंटे?" विकासनं विचारलं.

"घंट्याचं काय काम त्याच्यात?"

बिचाऱ्यांची चूक नव्हती. शेतातल्या मोटरीचं बिल हॉर्सपावरवर यायचं. घंटाभर चालवा नाहीतर दिवसभर, आकडा तोच. बॅटरीतले अठराशे मात्र तासातासाला वापरून संपतात, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

सकाळी सातला पोहरादेवीत बस लागली आणि कूलर घरघरू लागला. शेजारच्या राहुटीतले बाबूलाल आणि सोनीबाई बघतच राहिले. "गाडीत फ्रीज!" रामरावांनी अर्ध्या यात्रेला थंड पाणी पाजलं. बाबूलालनं तर कौतुकानं राहुटीची एक दोरी बसलाच बांधली.

दुपारी दोनला कूलर दमला. रामरावांनी पटकन बटण दाबलं.

"बंद काहून केला?"

"एक घंटा चालू, दोन घंटे बंद. असं केलं तं पुरते."

"घरीबी लोडशेडिंग, देवाच्या दारीबी लोडशेडिंग!" प्रयागबाई कडाडल्या.

इंजिन सुरू करून बॅटरी भरावी, म्हणून रामरावांनी चावी फिरवली. टिक! नुसतंच टिक! कूलर, फ्रीज, इंजिन, सगळे एकाच बॅटरीवर जगत होते आणि तिनं प्राण सोडला होता.

"धक्का द्या रे!"

पंधरा भाविक धावले. "एक, दोन, तीन!" बस निघाली आणि तिच्यामागे बाबूलालची राहुटीही निघाली! आत सोनीबाई भाकरी थापत होत्या. डोक्यावरचं छत गेलं, तशा त्या तव्यासकट उन्हात उघड्या पडल्या. इंजिन काही सुरू झालं नाही.

प्रयागबाईंनी पिशवी उचलली. "एष्टी कोनीकडं लागते?"

रामरावांचा चेहरा रडवेला झाला. खरंच वाईट वाटलं हो त्यांना! पण सोनीबाईंनी प्रयागबाईंचा हात धरला.

"कायले जाता बाई? आमचं घरबी तुमच्या मालकानं नेलं. आता निंबाखालीच बसू सारे!"

निंबाच्या गार सावलीत बाज टाकली गेली. प्रयागबाई आडव्या झाल्या. रामरावांनी गुपचूप फ्रीजच्या खोक्याचा पुठ्ठा फाडला आणि उशाशी बसून वारा घालू लागले.

सोनीबाई पदराआड हसल्या. "बाई, हा पंखा किती घंटे चालते?"

डोळे न उघडता प्रयागबाई म्हणाल्या, "मी उठेस्तोवर."