अडेनियमवरील पाणीबंदीची मोहीम

सकळ गॅलरीनिवासी, कुंडीवाले, झारीधारी व गच्चीवरील थोर मंडळींस जाहीर व्हावे की, तिसऱ्या मजल्यावरील धाकट्या जाऊबाईंनी अडेनियम नामे झाड मृत्यूच्या जबड्यातून कैसे सोडविले, त्याची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली असे. पदरचे काही घातले नाही. थोडे गाळले, ते घराण्याच्या अब्रूस्तव.

त्याचे ऐसे जाहले. थोरल्या जाऊबाई लेकीच्या बाळंतपणास परमुलखी निघाल्या, आणि थोरले दीर संगे निघाले, आणि मागे त्यांचे अडेनियम कोणापाशी ठेवावे याची मसलत पडली. झाड वाळवंटाकडील, बुंधा भोपळ्यासारखा फुगीर, पाण्याचा खजिना पोटातच बाळगणारे. आणि धाकटीची कीर्ती ऐसी की, तिच्या हाती आजवर एक झाड टिकले नाही. कुंडी सोपविताना थोरल्या वदल्या, "तुझ्या हातात प्लास्टिकचं फूलसुद्धा कोमेजेल गं. बघ, जमतंय का." बोल काळजात रुतला. धाकटीने तेच घटकेस पण केला की, झाड जगवीन, नाहीतर या जन्मी कुंडीस हात लावणार नाही.

मग मोहीम सुरू जाहली. धाकटी आठवड्यास एकवार, मोजके पाणी घाली. परंतु गनीम बाहेरचा नव्हताच. या घराण्याची रीत ऐसी की, दुसऱ्याने काम केले असेल यावर कोणाचाच भरवसा नाही, आणि विचारावे तर भांडण, सबब जो तो गुपचूप आपणच करी. भाजीत मीठ तिघांचे पडे. त्याच रीतीने सासरेबुवा सकाळच्या फेरीआधी पेलाभर ओतीत, आणि यजमान दाढी उरकून मगभर, आणि कन्या क्लासला जाता जाता बाटलीतले उरलेले. तिघेही दयाळू. तिघेही फितूर.

मग एके दिनी पाने पिवळी पडोन गळाली, आणि धाकटीने बुंधा दाबला तो पिकल्या केळ्यासारखा मऊ लागला, आणि मग धाकटी

(येथे कागद भिजून अक्षर फुटले आहे. ती त्या दिवशी काय काय म्हणाली हे लागत नाही, ते बरेच जाहले.)

आणि तिघांस स्वयंपाकघरात हजर करोन तहकीकात जाहली, आणि तिघांनी कबुली दिली.

"अगं, दारात आलेल्या वैऱ्यालाही आपण पाणी विचारतो!" हा सासरेबुवांचा जबाब.

"मग विचारायचं ना, बाबा! त्याला नाही, मला!"

मग धाकटीने बाह्या सरसावून झाड मातीतून उपटिले, आणि सुरी उकळत्या पाण्यात धुतली, आणि कुजके कापीत गेली, कापीत गेली, तो पांढरा घट्ट गर लागेपर्यंत. निम्मे पोट गेले. जखमेवर, बुरशी न धरावी म्हणोन, दालचिनीची पूड दाबली, आणि झाड सुतळीने कपड्यांच्या दोरीस टांगिले, सावलीत, मोज्यांच्या शेजारी. घर हवालदिल.

"हे वाचवणं आहे की फाशी?" यजमानांनी पुसले.

फर्मान सुटले ते ऐसे: जखम सुकेतो माती नाही, माती मिळाली तरी नवे पान फुटेतो पाणी नाही, जो झारीस हात लावील त्याने आठवडाभर भांडी घासावी.

परंतु दया फर्मानाने आवरत नाही. झाड भरड वाळूखड्यांच्या कुंडीत बसले न बसले, तो सासरेबुवा पेला घेऊन गॅलरीत घुटमळताना सापडले. तेव्हा धाकटीने तोड काढिली. शेजारी पुदिन्याची कुंडी आणून ठेविली, आणि ती जहागीर सासरेबुवांस बहाल केली, की हवे तितके ओतावे. मग पुदिना माजला, आणि अडेनियम तहानेले राहिले, आणि तहानेले राहिले म्हणोन जगले. पान फुटले. मग कळी.

मग थोरल्या परतल्या. पाहतात तो बुंधा निम्मा, वाकडा, परंतु शेंड्यास गुलाबी फुलांचा घोस. बोटाने बुंधा दाबून पाहिला, तो दगडासारखा घट्ट.

"पाणी किती घालत होतीस?"

"जवळजवळ नाहीच."

"मीही नाहीच घालायचे. मग आमच्याकडे इतक्या वर्षांत एक फूल का नाही आलं?"

तेव्हा थोरले दीर गॅलरीतून खाली रस्ता फार बारकाईने पाहू लागले. थोरल्यांनी वळून पुसले, "तुम्ही?"

"थोडंसंच गं. मला वाटायचं, तू विसरलीस."

मग थोरल्यांनी कुंडी उचलली, आणि ती धाकटीच्याच हाती ठेविली, आणि म्हणाल्या, "राहू दे तुझ्याकडेच. आमच्याकडे बुडून मरेल."

येणेप्रमाणे पाणी शिकस्त पावले, धाकटीची फत्ते जाहली, आणि तिच्या हातून झाड जगते हे दोन्ही घरांस मान्य जाहले. लेखणी येथे कोरडी ठेविली असे.