फक्कीचं घर

गणराजला नसलेल्या गोष्टींचे फोटो काढायची हौस होती. पाडलेल्या घराच्या जागी तो फक्कीने, म्हणजे मैदान आखायच्या पांढऱ्या भुकटीने, भिंतींच्या रेघा मारायचा आणि तिथे राहिलेल्या माणसाला मधोमध उभं करून फोटो काढायचा. अकरा घरं झाली होती. शनिवारी प्रदर्शन होतं आणि बारावं घर पिंपळे गुरवच्या मंजुळाबाईंचं होतं. बाई मात्र ऐकेनात.

"मोकळ्या जागंचा कसला फोटू? घर हुतं तवा कुठं गेलतास?"

शेवटी गुरुवारी सकाळी त्याने त्यांच्या प्लॉटवर अंदाजानेच रेघा मारायला घेतल्या. आता या भागात फक्की दिसली की रस्ता रुंद होणार, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाईंचे दीर आबाजी दूध घेऊन चालले होते, ते थबकले.

"किती फूट जातंय, साहेब?"

"वीस," घराची लांबी मोजत गणराज म्हणाला.

"म्हंजी आमचा गोठाबी गेला!"

आबाजींनी चाकणला कंपनीत असलेल्या पुतण्याला, मंजुळाबाईंच्या रणजीतला फोन लावला. तो शिफ्ट टाकून निघाला. शेजारच्या दुकानदाराने बाहेरची फळी आत घेतली. झाडं असली की मोबदला वाढतो, म्हणून आबाजींनी नर्सरीतून नारळाची तीन रोपं आणून रेघांच्या आत लावलीसुद्धा.

"अहो, मी फोटोग्राफर आहे!"

"सर्व्हेवालेबी आदी फोटूच काढत्यात."

तेवढ्यात काठी टेकत मंजुळाबाई आल्या. आता या फोटोवाल्याची धडगत नाही, म्हणून सगळे बाजूला सरले. बाई बराच वेळ रेघांकडे बघत राहिल्या.

"चुकलंय," त्या म्हणाल्या. "दार उगवतीला हुतं."

त्यांनी गणराजच्या हातून फक्कीची पिशवी घेतली, पायाने रेघ पुसली आणि वाकून दार काढलं. मग चूल, देव्हारा, पाळण्याची जागा. "हितं माझी दोन्ही पोरं निजायची," त्या हळूच म्हणाल्या आणि मान वर करून कडाडल्या, "भावजी, सैपाकघरात नारळ कुनी लावला?"

आबाजींनी मुकाट्याने रोप उपटलं. गणराज कॅमेरा सावरत पुढे झाला.

"आरं ए! चपला भाईर काढ!"

त्याने काढल्या. आबाजींनीही काढल्या, दुकानदारानेही. बाई चुलीपाशी पदर सारखा करून उभ्या राहिल्या आणि गणराजने फोटो काढला.

इतक्यात रणजीत बाह्या सरसावत आला. त्याने आईकडे पाहिलं, मग रेघेबाहेरच्या चपलांच्या ओळीकडे पाहिलं. तो खाली बसला आणि कंपनीच्या बुटांच्या नाड्या सोडू लागला.