तिसऱ्यांची तपासणी

स्वयंपाकघराच्या ओट्यावरच्या पांढऱ्या पट्टीवर दोन लाल रेघा उमटलेल्या बघून मनुबाईंनी ती चटकन उचलली. सून पूजा रत्नागिरीला एका प्रयोगशाळेत नोकरीला होती. कालच ती रजेवर शिराळ्याला आली होती आणि आत्ता अंघोळीला गेली होती. मनुबाईंनी पट्टी पदराआड लपवली आणि ओसरीवर पेपर वाचत बसलेल्या नवऱ्याच्या नाकासमोर धरली.

"आवं, ह्ये बघा. टीव्हीवर दावत्यात तसली पट्टी. दोन रेघा!"

निवृत्त हवालदार आकाराम खूश झाले. "मग ग्वाड बातमी की!"

"कसली ग्वाड? शंभूराज दिवाळीला आलता. आता जेठ लागला."

आकारामांची मिशी खाली आली. "कुणाला बोलू नगंस. शंभूला आडून इचारतो."

आडून विचारणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं. जम्मूला नोकरीला असलेल्या मुलाला फोन लागताच तो स्पीकरवर टाकून ते गरजले, "शंभू, दिवाळीनंतर कवा आलतास रं?"

पलीकडं शंभूराज चाचरला, "आबा... तुमाला कुणी सांगितलं?"

"आमाला समदं कळतंय! खरं बोल!"

"चैतात आलतो. आठवडाभर. पूजाकडं, रत्नागिरीला. घरी आलो असतो तर तुमी उसाला पाणी पाजायला लावलं असतं, म्हणून..."

दोघांचा जीव भांड्यात पडला. फोन तसाच चालू बाकावर ठेवून आकाराम पेढे आणायला चप्पल शोधू लागले. तेवढ्यात केस पुसत पूजा बाहेर आली. मनुबाईंनी तिच्या तोंडात चिमूटभर साखर कोंबली.

"बस बाई. जड काय उचलू नगंस आता."

"का वो आत्या? काय झालं?"

मनुबाईंनी पट्टी पुढं केली.

"ही व्हय!" पूजा हसली. "मी रत्नागिरीसनं आणलेल्या तिसऱ्या, त्या खायच्या शिंपल्या, तपासल्या. समुद्रात वंगाळ शेवाळ वाढलं की शिंपल्यात विष उतरतंय. शिजवलं तरी जात न्हाई, चवीला कळत न्हाई. म्हणून दोन-चार वाटून, औषधात कालवून पट्टी बुडवली. दोन रेघा म्हंजे विष न्हाई. एकच आली असती तर फेकून द्यायच्या."

आकारामांच्या हातातली चप्पल गळाली.

"आई," बाकावरून, फक्त आईचंच बोलणं ऐकू आलेल्या शंभूराजचा हर्षभरित आवाज आला, "म्हंजे मी बाप होणार?"

पूजाचा चेहरा पांढरा पडला. मनुबाईंनी शांतपणे फोन कानाला लावला.

"न्हाई रं बाळा. तिसऱ्यांची तपासणी झाली, त्या चांगल्या हायत. आता तू चैतातलं बैजवार सांग."