नळकाम विभागाची बेकारी

कॉलेजच्या तळमजल्यावर, स्वच्छतागृहात, एक नळ गळत होता. त्याच कॉलेजात एक नळकाम विभागही होता. या दोन वस्तुस्थितींचा आपसांत कोणताही प्रशासकीय संबंध नव्हता. नळ ‘देखभाल’ या सदरात मोडत होता आणि विभाग ‘अध्यापन’ या सदरात. देखभालीचं कंत्राट दूरच्या शहरातल्या एका कंपनीकडे होतं. कंपनीचा माणूस मागे एकदा येऊन नळ गळत असल्याबद्दल सहमती दर्शवून गेला होता. तेव्हापासून नळाखाली एक बादली होती. बादलीवर पांढऱ्या रंगात साठा क्रमांक टाकलेला होता, त्यामुळे ती चोरीला जाण्याची भीती नव्हती.

नळकाम विभाग म्हणजे मागच्या आवारातली पत्र्याची शेड आणि त्या शेडमधले नळसर. त्यांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं, पण ते वाचून त्यांनाही आपण कोण हे क्षणभर कळत नसे. शेडमध्ये त्यांनी एक खोटं घर उभं केलं होतं. अर्ध्या भिंतींचं. एक स्वयंपाकघर, एक न्हाणीघर, माथ्यावर टाकी, आणि भिंतींच्या पोटातून दिसणारे सगळे पाइप. दरवर्षीची मुलं ते घर जोडत आणि पुढच्या वर्षीची मुलं ते मोडून शिकत. त्या घरात कधी कोणी राहिलं नाही. पण त्याची गळती काढून काढून पंचक्रोशीतली निम्मी घरं कोरडी झाली होती.

नळसरांना सुखाच्या कल्पना फारशा नव्हत्या. आपली शेड असावी, मुलांनी पाइपला आटे पाडताना तेल घालायला विसरू नये, आणि निवृत्तीपर्यंत कोणी विभागाकडे लक्ष देऊ नये, एवढंच त्यांचं मागणं होतं. यातलं शेवटचं मागणं त्या वर्षी फेटाळलं गेलं.

झालं असं, की वरून आदेश आला. खेड्यापाड्यातल्या छोट्या कॉलेजांवर एवढा खर्च होतो, तर तिथे शिकून मुलं पुढे करतात काय? प्रश्न इतका साधा होता की तो आजवर कोणाला सुचलाच नव्हता. उत्तर समाधानकारक आलं तर अनुदान चालू. नाहीतर तो विभाग बंद.

प्राचार्य माणूस वाईट नव्हता. फक्त आकडा दिसला की त्यांना घाम फुटायचा. त्यांनी ताबडतोब एक बाई नेमल्या. बाईंच्या कानाला कायम फोनचं यंत्र आणि बोटं कायम संगणकावर. पहिल्याच दिवशी सगळं कॉलेज त्यांना आकडेबाई म्हणू लागलं. बाईंची पद्धत शास्त्रशुद्ध होती. गेल्या वर्षी बाहेर पडलेल्या प्रत्येक मुलाला कामाच्या दिवशी, कामाच्या वेळात, दोनदा फोन करायचा. उचलला तर विचारायचं. नाही उचलला तर ‘संपर्काबाहेर’. आणि जो संपर्काबाहेर, तो नियमाप्रमाणे बेकार. कारण ज्याला काम आहे त्याला ते सांगायला लाज का वाटावी?

निकाल लागला. व्यक्तिमत्त्व विकास विभागाच्या यच्चयावत मुलांनी पहिल्याच रिंगला फोन उचलला. काही तर फोनची वाटच बघत होते. “सध्या काय करता?” या प्रश्नाला त्यांनी शिकवल्याप्रमाणे प्रसन्न आवाजात उत्तर दिलं, “मी सध्या सल्लागार आहे.” कोणाला सल्ला देता, हा प्रश्न तक्त्यात नव्हता. त्या विभागाचा निकाल शंभर टक्के लागला.

नळकामच्या एकाही मुलाने फोन उचलला नाही. निकाल शून्य.

“बाई,” नळसर म्हणाले, “ती पोरं बेकार नाहीत हो. कामात आहेत.”

“मग फोन का उचलत नाहीत?”

“कामात आहेत म्हणून.”

“सर,” आकडेबाई समजुतीच्या सुरात म्हणाल्या, “मी तुमच्या भावना समजू शकते.”

“भावना कसल्या? माणूस मोरीखाली उताणा पडलाय, दोन्ही हात वर, तोंडावर पाणी पडतंय. तो फोन कशानं उचलणार?”

“ते आमच्या तक्त्यात नाही.”

प्रकरण एवढ्यावर थांबलं नाही. पुढचा स्तंभ खर्चाचा होता. एक यशस्वी विद्यार्थी घडवायला किती पैसे लागतात? व्यक्तिमत्त्व विकासाला एक मोठा आरसा लागतो. तो एकदाच घेतला होता, आणि बघून बघून काही झिजत नाही. नळकामाला पाइप, तोट्या, टाक्या, आणि सगळं फुटणारं. हा सगळा खर्च आकडेबाईंनी यशस्वी विद्यार्थ्यांच्या संख्येने, म्हणजे शून्याने, भागला. संगणकाने ‘चूक’ असं दाखवलं. बाईंनी ती चूक विभागाच्या नावावर टाकली.

प्राचार्यांनी नळसरांना आत बोलावलं, दार लावलं आणि पंखा वाढवला.

“अहो, मला का कळत नाही?” ते म्हणाले. “माझ्या घरचा गीझर तुमच्याच त्या पोराने लावलाय, ज्याला सगळे ‘पाना’ म्हणतात. चांगला पोरगा. पण कागदावर तो कुठेच नाही हो! मी एवढंच करू शकतो, पुढच्या आठवड्यात फेरसर्वेक्षण ठेवतो. तुमच्या पोरांना म्हणावं, मेहेरबानी करून फोन उचला. नाहीतर शेड गेली.”

शेड गेली म्हणजे आपणही गेलो, हे नळसरांना वेगळं सांगायची गरज नव्हती. ते स्कूटर काढून पोरं शोधायला निघाले.

पाना त्यांना डेअरीत सापडला. म्हणजे त्याचे पाय सापडले. बाकीचा पाना एका तांब्याच्या नळ्यांच्या जंजाळात होता. नळसर आपली मुलं चेहऱ्यापेक्षा पायांवरून जास्त ओळखत.

“अरे, बाईंचा फोन आला होता का?”

“आला असेल सर,” आतून आवाज आला. “दिवसभर खिशात काहीतरी गुदगुल्या होत असतात.”

“उचलत का नाहीस?”

“तुम्हीच मारायचात ना? जोड अर्धवट टाकून हात सोडला की पाठीत रट्टा. सवय लागली.”

नळसरांना प्रथमच आपल्या अध्यापनाचा पश्चात्ताप झाला. “बाळा,” ते म्हणाले, “पुढचा आठवडा काम बंद ठेव. घरी बस. फोन हातात घेऊन बस. सगळ्यांना सांग.”

“सगळा आठवडा? सर, दवाखान्याची लाइन अर्धी उघडी आहे.”

“बाळा, शेड जातेय रे.”

आत जोड शेवटपर्यंत आवळला गेला. मग आतून आवाज आला, “बसतो.”

आणि खरंच, ती गुणी मुलं बसली. आपल्याला रोजगार आहे हे सिद्ध करण्यासाठी एका अख्ख्या विभागाने रोजगार सोडल्याचं हे पहिलंच उदाहरण असावं. गावातल्या मोऱ्या तुंबल्या. दवाखान्यात परिचारिका बादल्या वाहू लागल्या. नळसरांच्या बहिणीच्या स्वयंपाकघरात सिंकखालचा पाइप फुटला. तिने भावाला फोन केला, “दादा, तुझी पोरं मेली का रे सगळी?”

“नाही गं. नोकरीला आहेत हे दाखवायला घरी बसलीत.”

“तुझं कॉलेज म्हणजे ना! आणि मी काय म्हणते, चिमीच्या प्रवेशाचं बघायचंय. ती तुझ्याकडेच यायचं म्हणून हट्ट धरून बसलीय.”

नळसरांना बरं वाटलं. चिमी म्हणजे त्यांची भाची. लहानपणी बाहुलीऐवजी तोट्या खोलून बसायची. “मग येऊ दे की.”

“काहीतरीच काय! मुलीच्या जातीनं मोऱ्या उपसायच्या? तिला आपलं ते व्यक्तिमत्त्व नको का? शंभर टक्के आहे तिकडे. तू फक्त मामा म्हणून सही दे.”

नळसर काही बोलणार होते. पण शून्य टक्के वाल्याने शंभर टक्के वाल्याबद्दल काय बोलावं? त्यांनी सही दिली. हे त्यांच्या विभागातल्या घटत्या प्रवेशसंख्येचं त्या वर्षीचं एक कारण म्हणून नोंदवायला हरकत नाही.

फेरसर्वेक्षण सुरू झालं. पानाने पहिल्याच रिंगला फोन उचलला.

“सध्या काय करता?” आकडेबाईंनी विचारलं.

“बसलोय.”

“म्हणजे काम?”

“बंद आहे, बाई.”

“कधीपासून?”

“सोमवारपासून. पण तसं नाही, ते तुमच्याच फोनसाठी...”

“कारण नको, स्थिती सांगा. आत्ता या क्षणी काम आहे की नाही?”

पाना प्रामाणिक होता. नळसरांनी त्याला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. तो विषय दुसऱ्या विभागाकडे होता. “नाही,” तो म्हणाला. “सरांनीच सांगितलंय घरी बसायला.”

सगळ्यांनी फोन उचलला. सगळ्यांनी हेच सांगितलं. अहवालात या वेळी शंका राहिली नाही. पूर्वी मुलं बेकार असावीत असा केवळ अंदाज होता. आता त्यांचा स्वतःचा कबुलीजबाब होता. खाली शेरा आला: ‘विभागप्रमुख विद्यार्थ्यांना कामापासून परावृत्त करतात.’

शेड गेली. खोटं घर दोन दिवसांत पाडलं. नळसर बाजूला उभं राहून बघत होते. पाडणाऱ्यांना त्यांनी एवढंच सांगितलं, “त्या मधल्या पाइपला खरं पाणी आहे. आधी मागचा व्हॉल्व्ह बंद करा, मग बूच लावा.” पण नळसर आता कर्मचारी नसल्यामुळे त्यांचं म्हणणं सूचना या सदरात घेता येईना. बूच मागवायचं तर देखभालीच्या कंपनीकडे अर्ज करावा लागणार होता. म्हणून पाइपमध्ये फडकं कोंबलं, त्यावर भिंतभर आरसे बसवले आणि बाहेर पाटी लावली: ‘आत्मविश्वास प्रयोगशाळा’. प्रवेशासाठी रांग लागली. फी वाढवली, रांग आणखी वाढली, कारण महाग आहे म्हणजे चांगलंच असणार.

पाहणी समिती आली तो दिवस मोठा देखणा होता. समितीचे तीन सदस्य प्रयोगशाळेत पहिल्या रांगेत बसले. विद्यार्थी आरशांकडे तोंड करून एकसाथ म्हणाले, “मी करू शकतो!” आरशाच्या मागे फडक्याने तेव्हाच ठरवलं, की आपण आता करू शकत नाही.

आधी आरसा घामेजला. मग मधोमध तडकला. मग पाण्याची धार आली ती थेट समितीच्या अध्यक्षांच्या मांडीवर.

प्राचार्यांनी खुर्चीवर चढून पानाला फोन लावला. वाजत राहिला. मग दुसऱ्याला. मग तिसऱ्याला. प्रत्येकाला नियमाप्रमाणे दोनदा. शेवटी लाज गुंडाळून ठेवून नळसरांना लावला. तोही वाजत राहिला.

“पाहिलंत?” प्राचार्य घोटाभर पाण्याकडे बोट दाखवत समितीला म्हणाले. “एकही उचलत नाही! बेकार कार्टी सगळी. बंद केला तेच बरं केलं.”

समितीने माना डोलावल्या. त्यांच्यावर खरी छाप पडली ती विद्यार्थ्यांची. एकही विद्यार्थी डगमगला नाही. पोटरीपर्यंत पाणी चढलं तरी एक मुलगी पुढे येऊन ‘संकटातील संधी’ या विषयावर स्पष्ट उच्चारात बोलली. व्हॉल्व्ह कुठे आहे, हे कोणालाच माहीत नव्हतं. पण ते माहीत नसल्याचं कोणाच्याही चेहऱ्यावर दिसलं नाही. अध्यक्षांनी विजार पिळता पिळता उत्कृष्ट असा शेरा दिला.

त्या वेळी नळसर बहिणीच्या सिंकखाली उताणे पडले होते. दोन्ही हात वर, तोंडावर पाणी. शेड गेल्यापासून त्यांना इतकी कामं येत होती की पगाराची आठवण काढायलाही सवड नव्हती.

“दादा, खिशात फोन वाजतोय,” बहीण म्हणाली.

“वाजू दे. जोड सोडता येत नाही.” त्यांनी न बघता हात बाहेर काढला. “जरा तो पाना...”

कोणता पाना, हे सांगायच्या आत तो हातात आला होता. बरोब्बर मापाचा. चिमी उकिडवी बसून आत डोकावत होती.

“मामा, खालचा नट आधी सैल कर. नाहीतर वरचा पिळला जाईल.”

नळसरांनी खालचा नट आधी सैल केला. पाणी डोळ्यांतही गेलं होतं.

“ए चिमे, ऊठ आधी तिथून!” बहीण ओरडली. “नखं बघ! उद्या आरशासमोर उभं राहायचंय ना? गर्दी मावेना म्हणून दुसरी प्रयोगशाळा उघडलीय म्हणे, वरच्या मजल्यावर.”

चिमी उठली. जाताना तिने मागचा व्हॉल्व्ह बंद केला. ती सवय मोडायला वर्षभराचा अभ्यासक्रम पुरेल, असं कॉलेजचं मत आहे.

यंदाच्या अहवालात ‘माजी कर्मचारी’ असं एक नवं सदर आहे. त्यात एकच नोंद: संपर्काबाहेर, म्हणून बेकार. बाकी सगळं शंभर टक्के आहे. जाहिरात वर्तमानपत्रात आली होती. पहिल्या पानावर, आरशासमोर हसणाऱ्या मुलांचं चित्र असलेली. तुम्हीही पाहिली असेल. घरातल्या मुलासाठी, भाचीसाठी, कापून ठेवलीही असेल. ठेवा, पण कोरड्या जागी ठेवा. कारण तुमच्या स्वयंपाकघरातला तो नळ अजून टपटपतोय, नळवाल्याला तुम्ही सकाळपासून दोनदा फोन केलात, आणि त्याने उचलला नाही तेव्हा त्याच्याबद्दल जे बोललात, ते आमच्या आकडेबाईंनी शब्दशः लिहून घेतलं आहे.