फळ्याचा फडका

गंगाराम पगारेला चहा घेणार का असं विचारलं, तरी तो म्हणायचा, "फळा म्हणेल तसं." पुतण्याच्या लग्नाला येणार का? फळा म्हणेल तसं. पोटात दुखत होतं ते थांबलं का? तेही फळा म्हणेल तसं.

हा फळा आमच्या नाशिकच्या बस डेपोत, ड्युटीच्या खोलीत भिंतीवर होता. कोणता ड्रायव्हर, कोणता कंडक्टर कुठल्या गाडीवर, ते त्यावर खडूनं लिहिलेलं असे. लिहिणारा मी, तिथला कारकून; पुसणाराही मीच. सातपूरच्या फेऱ्या संपवून संध्याकाळी घरी जाऊ म्हणणारा माणूस फळ्यापुढे यायचा आणि आपलं नाव पेठकडच्या मुक्कामी गाडीपुढे बघायचा. म्हणजे रात्र परगावी, गाडीतल्या बाकावर. घरी निरोप धाडायची सोय नाही. साहेबांचा हुकूम आला की मी ओला फडका फिरवायचो. हात पुसून पान लावायला घ्यायचो. मला त्यात काही वाटत नसे.

पगारे कंडक्टर होता आणि युनियनचा माणूस होता. मागणी एकच : ड्युटी आठवडाभर आधी लावा, आणि लावलेली पुसू नका. बाकीचे पुढारी निवेदनं द्यायचे, गेटवर घोषणा द्यायचे. पगारे तेही करायचा, शिवाय फडका चोरायचा.

रोज. मी नवा आणला की दुपारपर्यंत गायब. सुतळीनं खिळ्याला बांधला, तर सुतळी तेवढी मागे राहिली, तीसुद्धा नीट गुंडाळून ठेवलेली. मग मी स्वतःचा रुमाल काढला. तोही गेला. शेवटी शर्टाच्या बाहीनं पुसायला लागलो, तेव्हा घरी बायको म्हणाली, "डेपोत जाता की शाळेत? मास्तर दिसताय नुसते."

एकदा मी त्याला धरलंच. "पगारे, फडका द्या."

"कसला फडका?"

"खिशात आहे तो. पँट भिजलीय तुमची."

"घाम आहे, भाऊसाहेब. कामगाराचा."

अख्खी खोली हसली. त्याच आठवड्यात गेटवरच्या सभेत तो म्हणाला, "तलवारीला निदान धार लावावी लागते. आमच्या भाऊसाहेबांच्या फडक्याला तीही लागत नाही." मी खिडकीतून ऐकत होतो. मलाही हसू आलं. मनाला लागलं नाही.

एका संध्याकाळी साहेबांच्या कोणा ओळखीच्या कंडक्टरला रात्री घरी राहायचं होतं. मुक्कामी गाडी रिकामी पडली. मी बाहीनं एक नाव पुसलं आणि तिथं पगारेचं लिहिलं. तो दिवसाची ड्युटी संपवून, तिकिटांची पेटी जमा करायला आत आला. फळ्यावर त्यानं आपलं नाव वाचलं. त्या दिवशी भांडला नाही. टेबलाशी येऊन हळूच म्हणाला, "भाऊसाहेब, आजच्याला दुसऱ्या कोणाचं नाव नाही का हो?"

माझ्या तोंडून गेलं, "का? पुढाऱ्यांना घरची गादीच लागते वाटतं?"

पुन्हा खोली हसली, या वेळी माझ्या बाजूनं. पगारेनं पेटी परत खांद्याला लावली आणि गेला.

पुढे पावसाळा संपता संपता त्याची बायको शेवंता वारल्याची बातमी आली. आम्ही काही जण सातपूरला त्याच्या खोलीवर गेलो. शेजारची बाई दाराशी बसली होती. ती सांगत होती, "अंगावरून वारं गेलेलं तिच्या, कित्येक वर्षं झाली. दिवसा मी बघायची. रात्री पगारेभाऊ दोनदा उठून तिची कूस बदलायचे. नाहीतर पाठ सोलून निघायची बिचारीची. ते मुक्कामी गेले की रात्रभर एकाच कुशीवर. माझी लेकरं तान्ही, मालक रात्रपाळीला. मी कुठं कुठं पुरणार?"

त्या एका मुक्कामानं ती गेली असं कोणी म्हणालं नाही. मी मात्र ते रोज म्हणत आलो आहे.

निघताना मी त्याला बाजूला घेतलं. "पगारे, एका शब्दानं सांगायचं होतं. तुमचं नाव लिहिलं नसतं मी तिथं."

"म्हणूनच नाय सांगितलं," तो म्हणाला. "माझं लिहिलं नसतं, तर दुसऱ्याचं लिहिलं असतं. त्याच्या घरी कोण अंथरुणावर पडलंय, मला काय ठाऊक?"

आता हा फडक्याचा नाद सोडेल, असं सगळ्यांना वाटलं. तो कामावर रुजू झाला त्या सकाळी मी नवा आणलेला फडका गायब झाला.

मागणी मान्य व्हायला आणखी बरेच दिवस गेले. खडू गेला. ड्युट्या आठवडाभर आधी, कागदावर, काचेच्या कुलूपबंद पेटीत लागू लागल्या. त्या दिवशी पगारेनं माझ्या टेबलावर एक गाठोडं ठेवलं. सगळे फडके धुवून, घड्या घालून आणले होते. वर माझा रुमाल.

"आता लागणार नाय तुम्हाला. आणि भाऊसाहेब, मुक्कामाच्या गाड्या माझ्या नावावर टाकत जा. ज्याला नको असंल, त्याची गाडी मला."

मी टाकत गेलो. पेठ, हरसूल, घोटीच्या आतली गावं. त्याच्या गाडीवर बहुतेक वेळा दगू ड्रायव्हर असायचा. एक दिवस तो तणतणत माझ्याकडे आला.

"मला दुसरा कंडक्टर द्या, भाऊसाहेब. माणूस लय चांगलाय, पण झोपू देत नाय."

"घोरतो?"

"घोरंल कशाला! रात्रीतून दोनदा उठतो. उठून बसतो, शेजारचं बाक हातानं चाचपतो, मंग परत आडवा होतो. म्हटलं, काय हरवलं का, पगारे? तर म्हणतो, नाय, तू झोप."