आवळीखालच्या तेहेतीस गाई

"वनमाला, पदर सावर, जीभ आवर, आणि चातुर्मासात आवळीखालची गोपद्मं चुकवू नकोस. तेहेतीस म्हणजे तेहेतीस! बत्तीस काढलीस, तर कुठेतरी एक गाय लंगडी होते."

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण हा आवाज वनमालाबाईंच्या कानात रोज पहाटे घुमायचाच. त्या मनातल्या मनात "नाही चुकवणार" म्हणायच्या, न्हाऊन रांगोळीची वाटी घ्यायच्या आणि घराशेजारच्या मोकळ्या जागेत आवळीखाली बसून गाईची इवली इवली पावलं काढायच्या. न्हाल्यापासून शेवटच्या पावलावर हळदकुंकू पडेपर्यंत मौन. तसं त्यांचं बोलणंही मौनाच्या शेजारच्याच घरात राहायचं. त्यांनी हाक मारली, तर मांजरसुद्धा कान टवकारून "काय म्हणालात?" असं बघायचं!

ग्वाल्हेरच्या जयेंद्रगंजातली ती जागा होती सरकारी. आवळी मात्र सासूबाईंनी लावलेली. आजवर कोणी तिच्या वाटेला गेलं नव्हतं, पण छप्पन साल उजाडलं आणि सगळंच हललं. एक नोव्हेंबरला मध्य भारत हे राज्यच मध्य प्रदेशात विरघळणार होतं. ग्वाल्हेरची कचेऱ्या-दप्तरं भोपाळला निघाली होती. आणि जायच्या आधी शहराचा नकाशा रंगवून टाकायचा, असं सरकारच्या मनात आलं. घरांच्या जागेला पिवळा रंग, धंद्याच्या जागेला निळा, मोकळ्या राखायच्या जागेला हिरवा. ज्याला जिथे जे बांधायचं असेल त्याने अर्ज करावा, ज्याला ते नको असेल त्याने हरकत घ्यावी. समिती येऊन जागा बघेल.

समोरच्या मानसिंगरावांनी लगेच अर्ज ठोकला. त्यांचे वडील शिंद्यांच्या फौजेत होते; मानसिंगरावांना फौज मिळाली नाही, म्हणून ते पिठाची चक्की काढणार होते. तेलाच्या इंजिनावर चालणारी. बरोबर आवळीच्या जागी!

"माझ्या नाकासमोर चक्की?" वनमालाबाईंचे यजमान लक्ष्मीकांतराव गरजले. ते महसूल खात्यात कारकून होते आणि घरात दिवाण. "मानसिंगरावाची चक्की या जागेत एकदा जरी फिरली, तर मी मिशी उतरवीन! अशी हरकत लिहितो, की समिती वाचूनच रडेल. पाहणीच्या दिवशी मी स्वतः त्यांना कोपऱ्यावरून वाजतगाजत आणतो. तू फक्त चहा टाक."

"आवळी राहील ना?" वनमालाबाईंनी विचारलं.

"काय म्हणालीस?"

"काही नाही."

पाहणीच्या दिवशी लक्ष्मीकांतराव कोपऱ्यावर हार घेऊन उभे राहिले, आणि समिती मागच्या गल्लीतून आली.

समिती म्हणजे भटनागर साहेब आणि त्यांचा एक कारकून. बाकीचे सदस्य आपापल्या बदल्या थांबवायला गेले होते. भटनागर साहेब नव्यानेच कानपूरकडून आलेले, सज्जन गृहस्थ. पण उत्साही चपराशाने त्यांचा चष्मा भोपाळच्या पेटीत बांधून वर खिळे ठोकले होते. साहेब आवळीखाली वाकले. तिथे एक बाई जमिनीवर पांढरं पांढरं काही काढत होत्या.

"बहनजी, ये क्या है?"

वनमालाबाईंचं मौन! अजून अर्धी पावलं बाकी होती. त्यांनी नम्रपणे दोन बोटं कपाळाला लावून शिंगं करून दाखवली.

"गाय?" साहेब खूश झाले. "यहाँ गाय रहती है?"

वनमालाबाईंनी मान हलवून नाही म्हटलं, आणि पावलांकडे बोट दाखवून आधी तीन बोटं उभी केली, मग पुन्हा तीन.

"एक नहीं, तैंतीस!" साहेबांनी कारकुनाला सांगितलं. "लिखो. तैंतीस गायें. पर हैं कहाँ, बहनजी?"

आता गाईच्या पोटी राहणारे तेहेतीस कोटी देव कुठे असतात हे खुणेने कसं सांगायचं? वनमालाबाईंनी श्रद्धेने हात जोडले आणि वर बोट दाखवलं. जयेंद्रगंजात वर बोट दाखवलं, की देवाच्या आधी किल्ला लागतो. साहेबांनी तिकडे वळून डोळे बारीक केले.

"अच्छा, किले पर चरने गई हैं! लिखो. शाम को लौटेंगी."

शेवटच्या पावलावर हळदकुंकू वाहून वनमालाबाईंनी मौन सोडलं आणि म्हटलं, "अहो, गाई नाहीत, ही पावलं आहेत." पण तोपर्यंत समिती शिंद्यांच्या छावणीकडे पोहोचली होती.

आठवडाभरात कचेरीबाहेर तात्पुरता नकाशा लागला. आवळीची जागा हिरवीगार! खाली शेरा होता: 'गोशाळा. तैंतीस गायें. व्यवस्था उत्तम.'

लक्ष्मीकांतराव कचेरीतून जवळजवळ नाचतच आले. "वनमाला! मी हरकतीची अकरा पानं लिहिली आणि तू दोन बोटांत काम केलंस!"

"अहो, पण गाई नाहीत."

"हळू बोल!"

"मी हळूच बोलतेय."

"त्याहून हळू! अगं, सरकारने गाई लिहिल्यात, म्हणजे आता त्या आहेत."

"मला खोटं चालत नाही हो. व्रत आहे."

"मग तू बोलूच नकोस. ते तुला सवयीचं आहे!"

वनमालाबाई गप्प बसल्या, पण दुसऱ्याच दिवशी डोक्यावरून पदर घेऊन कचेरीत गेल्या. तिथे पेट्यांना खिळे मारायचं काम चाललं होतं. भटनागर साहेब अदबीने उठून उभे राहिले. वनमालाबाईंनी सगळं खरं खरं सांगितलं. ठाक ठाक ठाक! साहेबांनी प्रत्येक ठोक्याला मान डोलावली आणि शेवटी म्हणाले, "आपकी गोसेवा को प्रणाम!"

इकडे मानसिंगराव पेटले होते. "तेहेतीस गाई? या गल्लीत तेहेतीस शेणाच्या गोवऱ्या दाखवा!" असं लिहून त्यांनी फेरतपासणी मागितली. समितीने ती मंजूर केली. मग दिवाळी आली, एक नोव्हेंबर आला, आणि एका सकाळी ग्वाल्हेरकर झोपेतून दुसऱ्याच राज्यात उठले. राज्य बुडालं, तारीख मात्र बुडाली नाही. फेरतपासणी पडली नेमकी आवळी नवमीला, म्हणजे गल्लीतल्या बायका आवळीखाली जेवायला बसतात त्या दिवशी!

आदल्या दिवशी लक्ष्मीकांतराव छावणीत दौलतसिंह गवळ्याकडे गेले.

"तेहेतीस गाई? बाबूजी, गायें तो आठ हैं. बाकी सब भैंसें."

"म्हशी चालतील. दुरून काय कळतंय?"

"एक गाय तो लंगड़ी भी है. महीने भर से."

"लंगडी नको! सरकारसमोर शोभत नाही."

आवळी नवमीला सकाळी वनमालाबाई पावलं काढायला बसल्या, तेव्हा मैदानाच्या एका टोकाला बायकांनी पुरणपोळ्यांचे डबे मांडले होते. दुसऱ्या टोकाला मानसिंगरावांनी बैलगाडीतून चक्की आणि तिचं इंजिन उतरवलं होतं. "साहेबाला प्रत्यक्ष दळून दाखवतो! ताजं पीठ हातात पडलं, की तो गाई विसरतो," असं ते बायकोला, शांताताईंना, सांगत होते.

"आधी घरातलं जातं तरी एकदा फिरवून दाखवा," शांताताई म्हणाल्या. "आणि आज आवळीखाली जेवण आहे. तेलाचा धूर पोळीवर बसला, तर तुम्हीच खायच्या सगळ्या!"

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी दौलतसिंहाची मिरवणूक आली. पुढे सात गाई आणि मागे काळ्या ढगासारख्या म्हशी! मागोमाग लक्ष्मीकांतराव, हातात काठी आणि चेहऱ्यावर गोपाळकृष्णाचा भाव. त्यांनी म्हशींच्या कपाळाला चुन्याचे टिळे लावून त्या शक्य तितक्या उजळ केल्या होत्या.

भटनागर साहेब आले. चष्मा भोपाळलाच होता.

"गिनो," त्यांनी कारकुनाला सांगितलं.

वनमालाबाईंची बत्तीस पावलं झाली होती. तेहेतीसाव्यासाठी त्यांनी चिमटीत रांगोळी घेतली, आणि मानसिंगरावांनी इंजिनाला हँडल मारलं.

टुक! टुक टुक! ढाम!

छावणीतल्या गुरांनी बँड ऐकला होता, तोफा ऐकल्या होत्या, पण हे काही ऐकलं नव्हतं. सगळा कळप एकदम सुटला! एक गाय शांताताईंच्या दारातून आत शिरली आणि मागच्या दाराने तोरण गळ्यात घालून बाहेर आली. दळून दाखवायला आणलेल्या गव्हाच्या पोत्यात तीन तोंडं एकदम शिरली. एका म्हशीने पुरणपोळ्यांचा डबा उघडला, आणि तोही झाकणाच्या बाजूने, शिस्तीत! बायका आवळीला कवटाळून "गोविंद! गोविंद!" करू लागल्या. साहेबांना कोणीतरी इंजिनावर चढवलं, तिथून ते टुक टुक हलत मदतीची हाक मारत राहिले. आणि सगळ्यात मोठी म्हैस संथपणे चालत आली, आणि वनमालाबाईंकडे एकदा बघून बरोबर तेहेतीसाव्या पावलाच्या जागी बसली.

वनमालाबाईंनी तिला ढकललं. म्हैस डोळे मिटून रवंथ करू लागली.

अखेर इंजिनातलं तेल संपलं. धूळ खाली बसली. कारकुनाने मोजायला सुरुवात केली. "...तीस, इकतीस, बत्तीस..." चक्कीच्या तोंडाखालून काहीतरी चार पायांवर बाहेर येत होतं, पीठधुळीने पांढरं झालेलं. "तैंतीस!"

"अरे, मी आहे, मानसिंगराव!"

"तैंतीस, साहब. एक सफेद वाली है."

लक्ष्मीकांतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "झालं! वनमाला, बघितलंस?"

वनमालाबाई उठल्या. एक पाऊल राहिलं होतं, व्रत मोडलं होतं, मग मौन कशाचं? त्या इंजिनाजवळ गेल्या. गल्ली धापा टाकत होती. पहिल्यांदाच कोणी बोलत नव्हतं. म्हणून त्यांचा आवाज पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू गेला.

"साहेब, गाई नाहीत. तेव्हाही नव्हत्या. मी रांगोळीची पावलं दाखवली, तुम्ही गाई लिहिल्या. या उसन्या आहेत. म्हशी जास्त आहेत. आणि तेहेतीसावी गाय हे आमचे मानसिंगभाऊजी आहेत."

लक्ष्मीकांतराव मटकन् खाली बसले. मानसिंगराव कपडे झटकत म्हणाले, "वहिनी, तुम्ही देवमाणूस! साहब, लिखो, चक्की!"

भटनागर साहेबांनी कपाळ पुसलं. "बहनजी, सच लिखूँ तो ये ज़मीन चक्की को जाएगी. पेड़ कटेगा."

वनमालाबाईंनी आवळीकडे पाहिलं. झाडाखाली शांताताई पदराने पोळीवरची धूळ झटकत होत्या.

"खरं तेच लिहा," त्या म्हणाल्या. "आज एकही नाही. पण एक येईल. कार्तिकीच्या आत मी आणीन आणि इथे सांभाळीन. पुढच्या मग जशा जमतील तशा."

"वचन?"

"वचन."

साहेब बराच वेळ कारकुनाशी कुजबुजले. मग मानसिंगरावांकडे वळून अपराधी चेहऱ्याने म्हणाले, "भाईसाहब, वैसे भी चक्की के लिए नीली पेन्सिल चाहिए. वो तो भोपाल चली गई. यहाँ सिर्फ़ हरी बची है." आणि त्यांनी शेरा बदलला: 'गोशाळा. गायें आने वाली हैं.'

मानसिंगरावांनी कपाळावर हात मारला. तिथेही पीठ निघालं.

"आणि माझी मिशी?" लक्ष्मीकांतरावांनी भीत भीत विचारलं.

"चक्की एकदा तरी फिरली ना?" शांताताई म्हणाल्या. "माझ्या स्वयंपाकघरापर्यंत फिरली!"

रात्री लक्ष्मीकांतराव बायकोला म्हणाले, "अगं, तो भटनागर परवा भोपाळला चालला. पुन्हा कोण बघायला येतंय? गाय काय, शेरडूसुद्धा आणायला नको!"

वनमालाबाई काहीतरी म्हणाल्या. ते त्यांना ऐकू आलं नाही.

सकाळी लक्ष्मीकांतराव ओठांवरच्या नव्या उघडेपणाला पांघरुणात लपवून झोपले होते. वनमालाबाईंनी तेहेतीस पावलं काढली, तेहेतीसावं जरा ठळक काढलं, आणि हळदकुंकू वाहिलं. मग फडक्यात गूळ-पोळी बांधली, नवं दावं पदराखाली घेतलं आणि कडी न वाजवता बाहेर पडल्या. दौलतसिंहाकडच्या आठ गाईंपैकी कोणती आणायची, यावर विचार करायचं काही कारणच नव्हतं. काल बत्तीसच पावलं झाली होती. एक गाय लंगडी होणारच होती! ती जरा महिनाभर आधी झाली, एवढंच.

त्या छावणीच्या रस्त्याला लागल्या. सावकाशच चालल्या होत्या. येताना याच चालीने यावं लागणार होतं.